खुंटीवरचे पाठीराखे

१

सकाळी दुकान उघडलं की मी आधी तागे झटकतो आणि मग केर काढतो. बाजारातले बाकीचे कापडवाले उलटं करतात आणि दिवसभर गिऱ्हाइकाला कापडाबरोबर धूळही मोजून देतात. चाळीस वर्षांत हा क्रम मोडला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी तागे झटकले, मग नवरदेव झालो.

त्या सोमवारीही झटकले. पहिलं गिऱ्हाईक आलं ते मानेमागे हात धरूनच. सुतार होता. रात्री मान आखडली म्हणाला. त्याच्यामागून धोबीण आली, नेहमीसारखी ढास लागलेली, तिचीही मान आखडलेली. दुपारपर्यंत नऊ-दहा माणसं येऊन गेली आणि बोलता बोलता प्रत्येकाचा हात मानेमागे जायचा, तिथं दोरी काचत असल्यासारखा. मी मनात म्हटलं, वारा बदललाय. व्यापाऱ्याला एकदा कारण सापडलं की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

दोनच दिवसांपूर्वी सरकारने शहराच्या गळ्यातले पाठीराखे काढून घेतले होते. पण ती गोष्ट आणि ही मान, असा धागा जोडायचं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पाठीराखा म्हणजे तपकिरी लोकरीचे दोन चौकोन, काड्यापेटीएवढे, दोन फितींनी जोडलेले. फिती खांद्यांवरून जातात, एक चौकोन छातीवर येतो, एक पाठीवर. कॅथलिक लोक त्याला स्कॅप्युलर म्हणतात. आमच्या जिभेला ते झेपेना, म्हणून बाकीच्या शहराने आपलं नाव ठेवलं, आणि पुढे कॅथलिकही तेच म्हणायला लागले. तो शिवायची अक्का. चर्चच्या मागच्या खोलीत राहणारी, सत्तरी उलटलेली विधवा, नजर अधू पण टाका असा की मोजून घ्यावा. लोकर माझ्या दुकानातली. शिवून झाला की पाद्रीबाबा त्यावर आशीर्वाद द्यायचे, आणि आशीर्वाद दिलेली वस्तू विकायची नाही हा त्यांचा नियम, म्हणून अक्का तो नुसता देऊन टाकायची. कोणालाही. मी त्यांच्या धर्माचा नाही, पाव भाजणारा आमचा भट्टीवाला आणखी तिसऱ्याच धर्माचा. पण ज्याच्या घरी ताप उतरत नसे किंवा कोणी बाळंतपणाला टेकलेलं असे, तो अक्काच्या दाराशी जायचा. पाद्रीबाबा तोंडाने नको म्हणायचे आणि हाताने आशीर्वाद द्यायचे.

परधर्माच्या माणसासाठी अक्का एक गोष्ट वेगळी करायची. कॅथलिकांच्या पाठीराख्यावर मारिया माऊलीचं कापडी चित्र बाहेरून दिसेल असं लावायची. आमच्यासाठी तेच चित्र तोंड आत करून, दोन पदरांच्या मध्ये शिवायची. "तुमच्या देवाला वाईट वाटायला नको, आणि आमच्या माऊलीलाही राग यायला नको," असं तिचं म्हणणं. पुढे पुढे कॅथलिकही म्हणायला लागले की चित्र घामाने विटतं, वरून एक कापड लाव. त्यामुळे बाहेरून बघाल तर सगळे सारखे. पण चिमटीत धरलं की माझ्या बोटांना कळायचं. आत वळवलेल्या चित्राची कड शिवणीपाशी जरा जाड लागते.

आदल्या वर्षी पाण्याच्या हौदाला सरकारने कुलूप घातलं तेव्हा तिन्ही धर्मांनी मिळून बाजार बंद ठेवला होता. तेव्हा सरकारला प्रथमच कळलं की आम्ही एकमेकांशी बोलतो. बादशहा दूर राजधानीत, त्याचा धर्म चौथाच. पण हुकूम मात्र आमच्या गळ्यापर्यंत आला. ज्याची खूण त्यानेच बाळगायची. सगळे पाठीराखे जमा करा, कॅथलिकांचे त्यांना परत मिळतील, बाकीच्यांचे जाळले जातील.

माझी सूनबाई सातव्या महिन्यात होती. मुलगा फौजेचे तंबू शिवायला दूर नेलेला. तिच्या गळ्यातला पाठीराखा शिपायाने आमच्या उंबऱ्यातच उतरवून घेतला.

२

मंगळवारी मला जकातखान्यात बोलावणं आलं. तिथला साहेब नवा होता. नखं स्वच्छ, आवाज मऊ. मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. माणूस गोड बोलला की मी आधी कापडाची मागची बाजू बघतो, पण इथं मागची बाजूही तितकीच गुळगुळीत.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पाठीराख्यांची पिशव्यांतून सरमिसळ झाली आहे. कोणता कॅथलिकाचा आणि कोणता दुसऱ्याचा, ते शिवणारी बाई सांगत नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणते. तुम्ही कापडातले जाणते. शनिवारी दुपारी बाराला अंगणात शेगडी पेटेल, तोवर निवडून द्या.

मी म्हटलं, सगळा माल एकाच ताग्यातला, त्यात निवडायचं काय? तो हसला आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

पूर्वी तिथं ओली पोती वाळत घालत. तीन भिंतींना छातीच्या उंचीवर लाकडी खुंट्यांच्या रांगा. खिडकी एक, उंचावर. आणि प्रत्येक खुंटीला एक पाठीराखा. एकमेकांना न टेकता, शाळेत पोरं हाताचं अंतर धरून उभी करतात तसे.

साहेबाने पहिलाच काढून माझ्या हातात दिला. माझा अंगठा सवयीने शिवणीवरून फिरला आणि क्षणभर थांबला. मी लगेच म्हटलं, लोकर चांगली आहे.  मला तिथं ठेवून तो आपल्या टेबलाशी गेला. दारात पहारेकरी उभा राहिला. आमच्याच गल्लीतला, मान चोळत.

३

कापड कसं पडतं हे मला कोणी शिकवलेलं नाही. वाचायलासुद्धा मी ताग्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकलो. पण कुठलं कापड खुंटीवर कसं लोंबेल ते डोळे मिटून सांगेन. एकदा एका बाईने माझ्याकडून घेतलेला रेशमी पडदा परत आणला, म्हणे वाऱ्याशिवाय हलतो. जाऊन पाहिलं तर मागे मांजर व्यालेली. तेव्हापासून माझा नियम आहे, आधी मांजर शोधायची.

काड्यापेटीएवढे दोन चौकोन फितीने खुंटीला अडकवले तर ते एकमेकांवर चिकटून भिंतीला सपाट टेकले पाहिजेत. हे टेकले नव्हते. मागचा चौकोन भिंतीजवळ होता आणि पुढचा वीतभर पुढे, हवेत. मधे काही नाही. तीन भिंतींवर तोच प्रकार. अंतर मात्र एकसारखं नव्हतं. कुठं चार बोटं, कुठं वीत, एका ठिकाणी तर चांगली दीड वीत.

मी मांजर शोधली. घामाने फिती कडक होतात, वाक धरतात. वर्षानुवर्षं अंगावर राहिलेलं कापड अंगाचा आकार सोडत नाही, जुन्या कोटाचं कोपर वाकलेलंच राहतं. हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मग एका पाठीराख्याचे दोन चौकोन मी दोन्ही तळव्यांत धरून हळूच जवळ आणले. ते आले, पण दाबाला काहीतरी उलटा दाब मिळाला, मऊ आणि कोमट. बाहेर रस्त्यावर कोणीतरी जोरात खोकलं. मी हात सोडले. खोकला थांबला.

रस्त्यावर माणसं खोकतच असतात.

४

बुधवारी साहेबाला कागदावर नोंद हवी होती, माल कशाचा ते. आमच्या धंद्यात त्याची परीक्षा एकच, धागा जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो. लोकर केसासारखी वास मारते आणि काळी गुठळी सोडते. मी हाताशी आलेल्या एका पाठीराख्याच्या कडेचा बोटभर धागा ओढला. शिवणीत पांढरं पीठ बसलेलं होतं. काडी ओढली, धागा धरला. वास आला तो केसाचाच, पण त्यात आणखी काहीतरी होतं. स्वयंपाक करताना स्वतःचा हात पोळला की येतो तो.

लोकर, असं मी लिहून दिलं.

परत जाताना भट्टीवाल्याकडून पाव घ्यायला थांबलो. सदरा उघडा टाकून, गळ्याच्या हाडाखाली लोणी चोळत बसला होता. बोटभर लांब, धाग्याएवढी बारीक, लालभडक रेघ. मी चेष्टा केली की भट्टीवाल्याला भाजलं यात बातमी काय. तो म्हणाला, तेच तर, तेव्हा भट्टीपाशी नव्हतोच, न्हाव्याच्या खुर्चीत होतो; न्हाव्याच्या आईचा उद्धार करून आलोय, तो बिचारा शपथा घेत होता की हातात नुसता कंगवा आहे. कधी झालं, मी विचारलं. त्याने वेळ सांगितली. मी पाव तसाच ठेवून घरी आलो.

सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. बसली होती असंही म्हणवत नाही. पाय जमिनीवर होते, पण अंगाचा भार जमिनीवर नव्हता. मान किंचित वर, हनुवटी पुढे. मी विचारलं तेव्हा तिने उगाच काळजी नको म्हणून आधी टाळलं. मग म्हणाली, "मामंजी, हसू नका. मला शनिवारपासून कोणीतरी खुंटीला टांगून ठेवल्यासारखं वाटतंय."

खोलीबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

५

गुरुवारी आणि शुक्रवारी मी जकातखान्यात जाऊन नुसता बसलो. पहारेकऱ्याला वाटलं मी निवडतोय. मी फक्त एकच शोधत होतो.

शुक्रवारी तो उजव्या भिंतीवर सापडला. फितीची किनार निळी. तिच्या हट्टाखातर मीच तो तुकडा कापून अक्काला दिला होता. सगळ्यांत जास्त अंतर त्याचंच, दीड वीत. मी समोर स्टूल ओढून बसलो. खिडकीतून ऊन सरळ त्याच्यावर येत होतं, वारा नव्हता. पुढचा चौकोन वर यायचा, खाली जायचा. संथ, झोपलेल्या माणसासारखा. म्हटलं, माझेच डोळे. डोळे पुसले. मग नीट पाहिल्यावर त्या संथ हालचालीच्या आत दुसरी दिसली. फितीच्या निळ्या किनारीवर, अगदी बारीक आणि भराभर, चिमणीच्या गळ्यासारखी.

दोन जीव होते तिथं.

इथं मांजर नव्हती. खरं सांगतो, भीतीपेक्षा राग जास्त आला. या खोलीतल्या कशाचंही मला स्पष्टीकरण नको होतं. मला एवढंच कळत होतं की उद्या दुपारी बारा वाजता अंगणात शेगडी पेटणार आहे. चित्र आत असलेले सगळे तिच्यात जाणार, आणि सूनबाईच्या पाठीराख्याचं चित्र आत आहे.

संध्याकाळी अक्काकडे गेलो. खिडकीत बसून, डोळ्यांना कापड लावून टाका घालत होती. मी पाहिलेलं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, हा नेहमीच असा प्रकार असतो का? ती म्हणाली तिला ठाऊक नाही. आजवर इतके एकदम कोणी काढलेच नव्हते.

६

शनिवारी सगळ्या बाजाराला अंगणात हजर राहायचा हुकूम होता. लोक उन्हात उभे होते, सगळ्यांचे हात मानेमागे. हमाल दोघं शेगडी फुंकत होते, त्यांचेही. सूनबाईला मी घरीच ठेवली होती.

साहेब मला खोलीत घेऊन गेला. दार उघडंच होतं, अंगणातून सगळं दिसत होतं.

"दोन ढीग करा," तो म्हणाला.

मी म्हटलं, माल एकच आहे, ढीग एकच होईल. तो म्हणाला, "कापडवाले, पहिल्या दिवशी तुमचा अंगठा थांबताना मी पाहिलाय. तुम्हाला कळतं."

चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाशी गोड बोललो. रंग जाईल का विचारलं तर म्हणायचो, धुणाऱ्यावर आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ उत्तर तोंडात आलं.

"कळतं," मी म्हणालो. "सांगणार नाही."

त्याचा आवाज चढला नाही. मग सगळेच जळतील, तो म्हणाला, कॅथलिकांचेही, आणि ते तुमच्यामुळे, हे मी बाहेर जाऊन त्यांना सांगेन. हिशेब चोख होता. असंच तर करतात. एकाला आगीतून वाचवायचं असेल तर दुसऱ्याला पुढे करा, एवढीच सोय ठेवतात.

मी उजव्या भिंतीशी गेलो, निळ्या किनारीचा पाठीराखा खुंटीवरून उचलला आणि डोक्यावरून गळ्यात घातला.

यापूर्वी मी कधी पाठीराखा घातला नव्हता. फिती खांद्यावर टेकल्या, आणि त्या दोन चौकोनांच्या मध्ये मी मावेना. तिथं आधीच कोणीतरी होतं. माझी छाती कोणाच्या तरी पाठीला लागत होती, आत, बरगड्यांच्या आत. पोटाशी काहीतरी भराभर वाजत होतं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो असतो तर तीही घाबरली असती. मी तसाच उभा राहिलो. मग जरा सरकल्यासारखं झालं. तिने जागा दिली.

"आता जाळायचं तर माणसासकट जाळा," मी म्हणालो. माझा आवाज मला बारीक वाटला.

दारातला पहारेकरी साहेबाकडे बघत होता. मग त्याने बंदूक भिंतीला टेकवली, आत आला, आणि जवळच्या खुंटीवरचा घेऊन गळ्यात टाकला. तो त्याचा नव्हता. घालताच त्याला धोबिणीसारखी ढास लागली. त्याच्यामागून भट्टीवाला आला. मग सुतार, धोबीण, हमाल शेगडी सोडून. कोणाचा कोणता हे कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी शोधलंही नाही. हाताला आला तो घातला. भट्टीवाल्याने एक घातला आणि मोठ्याने म्हणाला, हा जो कोणी आहे त्याने आज जेवायला हवंय. लोक हसले. घाबरलेले होते सगळे, प्रत्येकजण आत कोणाला तरी सावरून चालत होता, तरी हसले. घटकाभरात तिन्ही भिंती मोकळ्या झाल्या. आता जगातल्या कुठल्या अंगठ्याने निवडलं असतं?

साहेब अंगणातल्या शेगडीतली जळती काटकी उचलून आणून खोलीच्या मधोमध उभा होता. जाळायला काही उरलं नव्हतं. तेव्हा अक्का आत आली. चाचपडत रिकाम्या भिंतीपाशी गेली आणि पदराआडून एक नवा कोरा पाठीराखा काढून तिने मधल्या खुंटीला अडकवला. तो पडला तसाच, सपाट, चौकोनावर चौकोन, कापडासारखा.

"हा कोणाचा?" साहेबाने विचारलं.

"अजून कोणाचाच नाही," अक्का म्हणाली, आणि माझा हात धरून बाहेर निघाली.

निदान एक तरी जाळावा, असं त्याच्या मनात आलं असावं. मी दारातून वळून पाहिलं. काटकी पुढे करून तो भिंतीकडे एक पाऊल गेला. पुढचा चौकोन भिंतीपासून सुटला. बोटभर. त्याने आणखी एक पाऊल टाकलं, आणि अंतर चार बोटं झालं, मग वीत. साहेबाच्या छातीएवढं झालं तेव्हा ते थांबलं. आणि मग चौकोन वर आला, खाली गेला. साहेबाचा श्वास ज्या तालावर चालला होता, त्याच तालावर.

त्याने काटकी खाली टाकली आणि पायाने विझवली. दोन पावलं मागे आला. अंतर कमी झालं नाही.

अंगण ओलांडून आम्ही रस्त्याला लागलो. मी सावकाश चालत होतो, पोट सांभाळून, सातव्या महिन्यातल्या बाईसारखा. सदऱ्यावरून तपकिरी चौकोन सगळ्यांना दिसत होता आणि मी तो झाकला नाही. फाटकावरच्या शिपायांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. घरी सूनबाई दारात उभी होती, पाय जमिनीला टेकवून, आणि माझ्याकडे बघून लाजली.

पण त्याआधी, फाटकातून बाहेर पडता पडता मागून हाक आली होती. साहेब जकातखान्याच्या पायरीवर आला होता. गळ्यात त्याच्या काही नव्हतं, ते खुंटीवरच होतं. त्याचा एक हात मानेमागे होता.

"कापडवाले," तो हळू आवाजात म्हणाला, "हे काढायचं कसं?"

मी थांबलो. माझ्या आजूबाजूला हमाल होते, भट्टीवाला होता, सुतार, धोबीण, अक्का.

"ते मला माहीत नाही, साहेब," मी म्हणालो. "आमच्यात एकदा काढून पाहिलं. आता कोणी काढणार नाही."